घरी येऊन नाल मारणारे नालबंद, कोंढवा-येवलेवाडी भाग : साडेचार स्टार (अर्धा वेळेपायी कापलाय)

आधीच सांगतो, नाव आणि नंबर टाकत नाहीये. ज्यांचा हा रिव्ह्यू आहे त्या नालबंद चाचांनीच सांगितलंय, "शेठ, लिहायचं ते लिहा पण नंबर नका टाकू, आहेत त्या घोड्यांनाच दिवस पुरत नाही." आणि ज्याच्यापायी हे सगळं रामायण झालं त्या पहिल्या नालबंदाचं नाव पण टाकणार नाही, भांडण वाढवून मला काय मिळणार. तरी लिहितोय, कारण पुण्यात घोडा पाळला की डॉक्टर मिळतो, चारा मिळतो, खोगीर तर ऑनलाइन येतं घरपोच, पण नालबंद कसा ओळखायचा हे कुणी सांगत नाही आणि आपल्याला कळेपर्यंत घोडं तीन पायांवर उभं असतं.

मी गॅरेजवाला माणूस. कात्रज-कोंढवा रोडला गॅरेज आहे, अलाइनमेंटचं मशीन आहे, चार पोरं हाताखाली. आमचे आप्पा स्टेशनवर टांगा चालवायचे त्यामुळे घोडा घरातलाच. टांगे गेले, आप्पाही गेले, हौस मात्र गेली नाही, आणि सहा वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या जत्रेतून मैना आणली. काठियावाडी क्रॉस, आता ९ वर्षांची, वजन साडेतीनशे किलोच्या आसपास, कानाला कान टेकतात वर. येवलेवाडीला मित्राच्या प्लॉटवर शेड टाकलीये, तिथे मैना, मित्राच्या दोन म्हशी, आणि सोनू म्हणजे तिचा खरारा (अंग घासणं), चंदी (दाणा), पाणी सगळं बघणारा पोरगा. रोज सकाळी तासभर बोपदेव घाटाच्या बाजूला कच्च्या रस्त्याने रपेट. वरातीला वगैरे देत नाही, विचारू नका.

आमचे जुने नालबंद कंबर गेल्यामुळे घरी बसले. मग एकाने नंबर दिला, म्हणे वरातीच्या सगळ्या घोड्यांना हाच नाल मारतो, ८०० रुपयांत चारही पाय, नाल-खिळे त्याचेच. मला वाटलं बरंय की.

मागच्या जूनमधली गोष्ट. पालख्या पुण्यातून निघालेल्या, दिवे घाट बंद म्हणून सासवडची सगळी ट्रॅफिक बोपदेवला वळवलेली, त्यामुळे हा माणूस दुपारी ३ ला येणारा आला संध्याकाळी पावणेसातला. वर आभाळ भरलेलं. त्याला पुढे अजून एक ठिकाण करायचं होतं हे त्याने गाडीवरून उतरतानाच सांगितलं. सोनूने मोबाईलचा टॉर्च धरला आणि काम सुरू.

आता मागे वळून बघतो तर प्रत्येक गोष्ट चुकत होती आणि मी तिथेच उभा राहून बघत होतो. जुन्या खिळ्यांची टोकं बाहेर वळवलेली असतात, ती आधी सरळ करायची, मग एकेक खिळा ओढायचा. याने जंबूर घातला आणि नाल खिळ्यांसकट उपटली. कडेचे टवके उडाले. मग पिशवीतून नाल काढली, सगळ्या एकाच मापाच्या, मैनेला एक नंबर लहानच. ती ठोकून बसवली आणि नालेच्या बाहेर जेवढा खूर आला तेवढा कानशीने घासून टाकला, म्हणजे चप्पल लहान पडली म्हणून पाय तासायचा अशातली गत. टाचा पण खूप खाली घेतल्या. चार पाय २५ मिनिटांत. मी तेव्हा मनात म्हणलं काय हात आहे बघ याचा! गाढव मी.

पुढच्या उजव्या पायाला आतल्या बाजूचा मागचा खिळा मारताना मैनेने पाय हिसकला. ती तशी शहाणी घोडी आहे, नाल मारताना झोपते उभ्याउभ्या. याने तिच्या पोटावर एक चापट दिली, "नखरे करतीये," आणि खिळा पुढे ठोकला. आणि मी काय केलं, तर मोहरकी (तोंडावरची दोरी) धरून म्हणलं, "मैना, थांब गं." ती थांबली. ते डोक्यातून जात नाही माझ्या.

दुसऱ्या दिवशी जरा आखडून चालत होती. पाऊस होता, म्हणलं जाऊदे. तिसऱ्या दिवशी दुडकीवर काढली तर मान वरखाली. हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पुढचा पाय दुखत असला की तो पाय जमिनीला लागतो त्या क्षणी घोडा डोकं वर उचलतो, दुखऱ्या पायावरचं वजन कमी करायला, आणि चांगला पाय टेकला की डोकं खाली येतं. म्हणजे डोकं खाली जाताना जो पाय टेकतो तो चांगला. आम्ही नेमकं उलटं समजून पहिला अर्धा दिवस डावा पाय चोळत बसलो.

मग सल्लागार जमले. शेजारचे एक आजोबा म्हणाले खांदा धरलाय, दुसरा म्हणाला गुडघा आहे, एकाने सांगितलं नजर लागलीये. तिळाचं तेल कोमट करून खांद्याला चोळलं दोन दिवस. खूर कुणी उचलून बघितला नाही, मीपण नाही. गॅरेजला कुणी आलं की गाडी एका बाजूला ओढतीये, तर मी पहिल्यांदा टायरमधली हवा बघतो, स्टिअरिंग उघडत बसत नाही, आणि इथे स्वतःच्या घोडीच्या बाबतीत खालून सुरुवात करायची अक्कल नाही सुचली. नंतर डॉक्टर मॅडमनी सांगितलं की पुढच्या पायाने लंगडणाऱ्या घोड्यात बहुतेक वेळा दुखणं खुरातच निघतं, आणि नाल मारून आठवडा झाला नसेल तर दुसरीकडे बघायचंच नाही आधी.

त्याला फोन केला होता, नाही असं नाही. म्हणाला, "नवीन बूट चावतो की नाही दोन-चार दिवस, तसंय ते. दुखायचं इंजेक्शन मारून टाका." मला ते पटलं. बूट चावतो हे खरंच आहे ना. पण घोड्याला नाल चावत नाही हो, नीट मारलेली नाल घालून घोडा त्याच मिनिटाला नीट चालला पाहिजे. हे आता सांगतोय. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

पाचव्या दिवशी सकाळी सोनूचा फोन, "दादा, चंदीला तोंड लावत नाहीये." गेलो तर पुढचा उजवा पाय फक्त टोकावर टेकवून उभी, घामाने ओली.

डॉक्टर मॅडम तासाभरात आल्या. चालवून बघितली चार पावलं, म्हणाल्या लंगडणं ५ पैकी ४, म्हणजे नुसत्या चालीत दिसतंय. मग खुरावर हात ठेवायला लावला मला, एक पाय गार एक गरम, चक्क कळतं. आणि घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोट ठेवून नाडी दाखवली, चांगल्या पायाला शोधावी लागते, दुखऱ्या पायाला बोटाखाली उड्या मारत होती. हे दोन्ही फुकटात कुणालाही करता येतं, रोज खरारा करताना ५ सेकंदांचं काम. सोनू आता रोज करतो.

मग तो मोठा चिमटा, एक टोक तळव्याला एक बाहेरून, आणि थोडं थोडं दाबत गोल फिरायचं. बाहेरच्या बाजूला काही नाही. आतल्या बाजूला मागच्या खिळ्यापाशी आल्याबरोबर मैनेने पाय असा खेचला की मॅडम मागे बसल्या. इथे घोडं पेंड खातंय, मी म्हणलं. त्यांनी खिळे एकेक करून काढले आणि प्रत्येक खिळा कापसावर पुसून बघितला. सगळे कोरडे. तो काढला तर काळपट ओला, आणि मागोमाग भोकातून काळं-करडं पाणी, वास असा की म्हशी पण मान वळवून बघायला लागल्या.

झालं काय होतं ते मॅडमनी नालच हातात घेऊन समजावलं. खुराची बाहेरची भिंत म्हणजे आपल्या नखासारखी, तिला जाणीव नाही. तिच्या आत एक पांढरट रेघ दिसते तळव्यातून, त्या रेघेच्या बाहेर खिळा राहिला पाहिजे. रेघेच्या आत गेला तर जिवंत मांस, रक्त येतं आणि घोडा तिथल्या तिथे सांगतो. अगदी जवळून गेला पण आत नाही गेला तरी तो आतल्या नाजूक भागाला रेटत राहतो आणि मग दोन-तीन दिवसांनी घोडा लंगडायला लागतो. आमच्याकडे आत गेला होता, पायही हिसकला होता, आणि त्या भोकातून पावसाळी चिखल-शेण आत जाऊन पू झाला. खूर काही फुगत नाही, कडक डबाच तो, त्यामुळे आतल्या आत दाब वाढतो आणि घोडं वेडं होतं दुखण्याने.

उपचार काय, तर पुवाला वाट करून दिली आणि निम्मं दुखणं तिथेच उतरलं, संध्याकाळी चंदी खाल्ली तिने. धनुर्वाताचं इंजेक्शन मागचं कधी दिलं त्याची चिठ्ठी मला सापडेना, म्हणून टीटी आणि अँटिटॉक्सिन दोन्ही दिलं वेगवेगळ्या जागी, कारण घोडा धनुर्वाताच्या बाबतीत फार कच्चा, आणि ते जंतू शेणामातीतच असतात. चिठ्ठ्या सांभाळून ठेवा रे बाबांनो. अँटिबायोटिक लगेच नाही दिलं, म्हणाल्या पू मोकळा झालाय, सूज वर चढली नाही तर गरज पडत नाही सहसा. दुखण्याचं औषध दोनच दिवस, तेही मोजून. त्या नालबंदाच्या सांगण्यावरून मी आधीच इंजेक्शन मारलं असतं तर दुखणं झाकलं गेलं असतं आणि पू आत वाढत बसला असता, हेही ऐकून घेतलं.

रोज कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट टाकून पाय बुडवायचा २० मिनिटं, मग कापूस, वरून लहान मुलांचा डायपर, वरून चिकटपट्टी. डायपर खुराला असा बसतो की जणू त्यासाठीच केलाय. कोंढव्यातल्या मेडिकलवाल्याने तिसऱ्या पाकिटाला विचारलं, बाळ किती महिन्यांचं? पण पाऊस, चिखल, चिकटपट्टी दोन तासांत फाटायची. शेवटी गॅरेजमधून ट्रकची जुनी ट्यूब आणली, हातभर तुकडा कापला, खालून दुमडून शिवला, वरून क्लॅम्पच्या जागी पट्टा. बाहेरचे रबरी बूट मिळतात पण किमती बघून मी मोबाईल खाली ठेवला. हा ट्यूबचा बूट १२ दिवस टिकला, त्याला माझ्याकडून पाच स्टार.

पू थांबला, पण मॅडमनी एक्स-रे काढला, छोटं मशीन शेडवरच आणतात. बाजूने बघितलं तर टाचा खाली आणि पुढचं टोक लांब, त्यामुळे खुराची रेघ आणि वरच्या हाडांची रेघ एका सरळीत नाही, मध्ये मोडलेली. म्हणजे त्याच पायाच्या मागच्या अंगाच्या शिरेला (टेंडनला) सतत ताण. आणि समोरून बघितलं तर बाहेरची बाजू उंच, आतली खाली. मी घरी जाऊन व्हर्निअर आणलं आणि मोजलं, जवळजवळ ५ मिलिमीटर फरक. घोड्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं, आणि ते असं कलत्या खुरावर. गाडीचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा कल, एवढा बिघडला असता तर मी गिऱ्हाईकाला गाडी चालवू दिली नसती. मॅडम म्हणाल्या नालबंद बदला, आणि चाचांचा नंबर त्यांनीच दिला.

तर आता रिव्ह्यू सुरू होतो, हसू नका.

चाचा रेसकोर्सवरच्या तबेल्यांत काम करून तयार झालेले. पुण्यात रेस पावसाळ्यात असतात, जुलै ते ऑक्टोबर, सगळी घोडी तेव्हा इथे, त्यामुळे त्या दिवसांत त्यांची वेळ मिळणं म्हणजे आरटीओची वेळ मिळण्यासारखं. फोनवर पहिला प्रश्न पैशांचा नव्हता, "पू बंद होऊन किती दिवस झाले?" म्हणलं चार. "मग अजून दहा दिवस उघडाच ठेवा, कोरड्या जागेत बांधा, मग येतो." आले जुलैच्या शेवटी. सकाळी ९ सांगून दुपारी १२ वाजता. कात्रज-कोंढवा रोडला नावं ठेवली त्यांनी, जे पुण्यात कुणीही खोडून काढू शकत नाही.

आल्यावर पायाला हात लावला नाही. आधी म्हणाले चालवून दाखवा. सोनूने सिमेंटच्या पट्टीवर दोर सैल सोडून चालवली, सरळ गेली, सरळ आली, मग लहान गोल दोन्ही बाजूंनी. चाचा उकिडवे बसून नुसते खुराकडे बघत होते, समोरून, मागून, मग बाजूने. "बाहेरची कड आधी आपटतीये, मग आत पडतीये, ऐका." खरंच दोन आवाज येत होते, टप-टक. मी व्हर्निअरचा आकडा सांगितला तर हसले, "शेठ, पाच नाही, पण असेल चार-पाच." मग जुनी काढलेली नाल मागितली, ती मी ठेवली होती पुरावा म्हणून. उलटीसुलटी करून कुठे घासलीये ते बघितलं. मीपण टायर असाच वाचतो, आतून झिजलाय का बाहेरून, त्यामुळे मला तिथेच विश्वास बसला.

बाकीच्या तीन पायांच्या नाला काढल्या त्या खिळ्यांची टोकं एकेक सरळ करून, आणि खिळे पण एकेक. टवका एक नाही उडाला. तळव्यातली मधली ती त्रिकोणी मऊ गादी असते, फ्रॉग म्हणतात डॉक्टर लोक, तिला आधीचा माणूस सुरीने सोलून गुळगुळीत करून गेला होता. चाचांनी फक्त लोंबणारं तेवढं काढलं, "हा तिचा शॉकॲब्सॉर्बर, तुम्ही गाडीचा कापता का, दिसायला बरा दिसावा म्हणून?" फटीतून थोडा वास येत होता, पावसाळ्यात सडतं ते, त्यावरून सोनूला झापलं, रोज काडीने साफ करून कोरडं ठेवायचं म्हणून. सोनूचं तोंड एवढंसं.

टाचा मात्र एका दिवसात येणार नाहीत म्हणाले. खूर महिन्याला साधारण ८-१० मिलिमीटर वाढतो, पुढचं टोक वरून खालपर्यंत पूर्ण नवं व्हायला ९ ते १२ महिने जातात, त्यामुळे दर खेपेला टोक थोडं मागे घ्यायचं, टाच वाढू द्यायची, आणि तोपर्यंत नाल मागे जरा लांब ठेवायची म्हणजे टाचेला टेकू मिळतो. आतल्या-बाहेरच्या उंचीतला फरकही एकदम नाही काढला, निम्मा या वेळी, निम्मा पुढच्या वेळी. मला हे आवडलं, कारण घाई केली तर सांधे नव्याने दुखतात असं मॅडम पण म्हणाल्या होत्या.

मग नाल. डिकीतून छोटी ऐरण काढली, नाल थंडच ठोकून आकार दिला, खुरावर धरून बघायची, परत ठोकायची, परत धरायची. मी मोजलं, डाव्या पायाला सहा वेळा. मागच्या बाजूला केसभर बाहेर ठेवली, कारण वजन पडलं की टाचा पसरतात, आणि म्हणूनच खुराच्या सगळ्यात रुंद जागेच्या मागे खिळा मारत नाहीत. पहिल्या नालबंदाने तो खिळा नेमका तिथेच मारलेला. खिळ्याला पण उलट-सुलट असतं हे मला चाळीशी उलटून गेल्यावर कळलं, डोक्यावर एका अंगाला खूण असते ती आतल्या बाजूला ठेवायची, कारण टोक एका अंगाने तासलेलं असतं आणि त्यामुळे खिळा आपोआप बाहेरच्या दिशेला वळतो. उलटा धरला की आत शिरतो. कुणी सांगतं का हे? मी तर म्हणतो नाल मारताना बाजूला उभं राहून एवढं एक बघा.

खिळे मारताना म्हशींच्या शेडमधला रेडिओ बंद करायला लावला. "आवाज ऐकावा लागतो." कडक भागातून खिळा जाताना टणटण येतो, मऊ लागला की आवाज बसतो, मग थांबायचं. खिळा बाहेर निघाला तो खुराच्या खालून साधारण एक तृतीयांश उंचीवर, सगळे एका रेषेत, आणि टोक निघाल्या निघाल्या मोडून टाकलं, नाहीतर घोड्याने पाय ओढला तर नालबंदाची मांडी फाटते. उजव्या पायाला पाचच खिळे मारले, दुखऱ्या जागेला हातही नाही लावला.

आणि आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हे सगळं लिहितोय. तिसऱ्या खेपेला, ऑक्टोबरमध्ये, चाचांनी डावा पाय त्यांच्या पोराला दिला, शिकतोय तो. त्याने दुसरा खिळा मारताना मैनेने पाय हिसकला वगैरे नाही, नुसते कान मागे घेतले आणि कातडी थरथरली. चाचा पलीकडून कानशीचं काम करत होते, तिथून ओरडले, "थांब. काढ." पोरगा म्हणाला आवाज बरोबर होता अब्बा. "काढ म्हणलं ना." काढला, पुसून बघितला, कोरडा होता, रक्त नाही काही नाही, तरी भोकात आयोडीन सोडलं, ते भोक रिकामं ठेवलं, आणि मला सांगितलं चार दिवस खुराला हात लावून गरम आहे का बघा, वाटलं तर रात्री पण फोन करा. चौथ्या दिवशी स्वतःच फोन केला त्यांनी. काही झालेलं नव्हतं.

खिळा जवळून जाणं हे कुणाच्याही हातून होतं, चाचांच्या हातून पण झालंय आयुष्यात, त्यांनीच सांगितलं. पातळ भिंतीचा खूर असला, घोडं हललं, होतं. पण घोडीने सांगितल्यावर तो खिळा काढायचा की तिला चापट मारायची, इथे ८०० रुपयांचा नालबंद आणि हा नालबंद वेगळे होतात. नाल टिकते किती, दिसते किती छान, ते सगळं नंतर.

पहिल्याला मी जुलैमध्येच परत फोन केला होता, पैसे मागायला नाही, नुसतं सांगायला की असं झालं, बाकीच्यांच्या घोड्यांना तरी बघून मार. म्हणाला तुमच्या घोडीचा खूरच कच्चा आहे. मग म्हणाला एवढी घोडी केली आजपर्यंत, कुणाची तक्रार नाही. मग ब्लॉक. माझ्याकडून एखाद्या गाडीचा नट ढिला राहिला आणि मी गिऱ्हाईकाला म्हणलं तुमची गाडीच कच्ची आहे, तर दुसऱ्या दिवशी शटर खाली ओढावं लागेल.

पैसे. चाचा पुढच्या दोन पायांचे १८०० घेतात नालेसकट, मागचे दोन पाय नुसते तासायचे ५००, पेट्रोल २००. दर पाच-सहा आठवड्यांनी २५००. महाग वाटेल, मलाही वाटलं. पण मागच्या पायांची नाल त्यांनीच बंद केली, म्हणाले तुमचं फिरणं मातीवर, वजन पुढे, मागचे मोकळे ठेवा, म्हणजे स्वतःचंच बिल कमी केलं की माणसाने. आणि ८०० च्या कामाचा हिशेब सांगू का, डॉक्टरांच्या तीन फेऱ्या, एक्स-रे, औषधं मिळून १४ हजारांच्या वर, डायपर वेगळे, आणि घोडी अडीच महिने बांधून. घोडा का अडला तर फिरवला नाही म्हणून, हे लहानपणी कोड्यात ऐकलं होतं, ते बघायला पण मिळालं, सप्टेंबरपर्यंत एवढी आळसावली की मोहरकी बघून तोंड फिरवायची.

सुधारणा हळूहळू झाली. ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालीत लंगडणं दिसेनासं झालं, दुडकीवर नीट यायला सप्टेंबर उजाडला. दसऱ्याला अलाइनमेंटच्या मशीनला हार, गिऱ्हाइकांच्या गाड्यांना हार, आणि मैनेला हार घालून पहिल्यांदा घाटाच्या पायथ्यापर्यंत नेऊन आणली, येताना तिनेच पळायला मागितलं. नोव्हेंबरमध्ये ते टवके उडालेले वाढून खाली येऊन तासले गेले. मॅडमनी परत एक्स-रे काढला तर रेघ अजून पूर्ण सरळ नाही पण मोडलेली दिसत नाही, उन्हाळ्यापर्यंत येईल म्हणतात.

आता तक्रारी, कारण अर्धा स्टार कापलाय. वेळ हा प्रकार चाचांना मान्य नाही. पाच खेपांत एकदाही सांगितलेल्या वेळेला आले नाहीत, एकदा तर दिवसच चुकवला आणि ऑगस्टची खेप रेसच्या गडबडीत आठव्या आठवड्यात गेली, तोवर खूर नालेवरून खाली उतरायला लागला होता आणि माझा जीव टांगणीला. फोन उचलत नाहीत, मिस्ड कॉल बघून रात्री १० ला करतात. पावती नाही, यूपीआय चालतं पण पोराच्या नंबरवर. आणि बोलतात फार, म्हणजे चांगलं बोलतात, पण मैना जाड झालीये, लसूण घास कमी करा, हरभरा कशाला एवढा, शेडमध्ये ओल आहे, हे दर वेळी. बायको म्हणते तुझं पण वजन सांगतील एक दिवस.

बोलवणार असाल तर, म्हणजे ज्यांना डॉक्टरांकडून नंबर मिळेल त्यांच्यासाठी, घोड्याचे पाय आदल्या रात्रीपासून कोरडे ठेवा, ओल्या खुराला ते हात लावत नाहीत, परत जातात आणि २०० पेट्रोलचे घेतात. थोडी तरी सपाट सिमेंटची जागा पाहिजे. उजेडात बोलवा, संध्याकाळी ५ नंतर ते खिळा मारत नाहीत, आणि जून महिना आठवून मला ते फार बरं वाटतं. रेडिओ बंद. चहा बिनसाखरेचा, दोन वेळा लागतो.